लोहाचे व्होल्टेज वाढवताना

लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडमध्ये, म्हणजे तिच्या धन टोकावरच्या पदार्थात, कोबाल्ट आणि निकेल यांच्या जागी लोह बसवता येईल का, हा प्रश्न आता सुटला आहे. 2024 मध्ये जगभर विद्युत वाहनांत बसवल्या गेलेल्या बॅटऱ्यांपैकी, साठवणक्षमतेच्या हिशेबाने, जवळजवळ निम्म्या लिथियम-लोह-फॉस्फेटच्या होत्या. तरीही या पदार्थांवर काम करणाऱ्यांच्या मनातली एक जुनी हुरहुर गेलेली नाही. लोह-फॉस्फेटचा कॅथोड लिथियमच्या तुलनेत सुमारे 3.45 व्होल्ट देतो, तर निकेल-कोबाल्टचे थरयुक्त ऑक्साइड सरासरी 3.8 व्होल्टच्या आसपास काम करतात. हा फरक भरून काढावा, लोहाकडूनच 4 व्होल्ट किंवा त्याहून अधिक मिळवावेत, यासाठी अनेक देशांतील प्रयोगशाळा वर्षानुवर्षे झटत आहेत आणि त्यांतला बराचसा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. तो व्हावा असेच माझे मत आहे. मात्र तो कोणत्या कसोटीवर व्हावा, यावर पुरेशी चर्चा होत नाही, असे मला तीव्रतेने वाटते. आपण लोहाकडे वळलो ते त्याच्या व्होल्टेजसाठी नव्हे. मुबलकता, स्वस्ताई, सुरक्षितता आणि दीर्घायुष्य यांसाठी आपण त्याला निवडले. म्हणून व्होल्टेज वाढवताना हे चार गुण शिल्लक राहतात का, हे आकड्यांनिशी विचारणे हीच उच्च व्होल्टेजच्या लोहाची खरी परीक्षा असली पाहिजे.

लोहाचे व्होल्टेज मुळात कमी का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद नीट करता येत नाही. बॅटरी वीज देते तेव्हा ॲनोडकडून, म्हणजे ऋण टोकाकडून, निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून येऊन कॅथोडमधील धातूवर बसतात आणि त्यांच्या जोडीने लिथियमचे आयन कॅथोडच्या जाळीत शिरतात. इलेक्ट्रॉनला कॅथोडमध्ये ऊर्जेच्या दृष्टीने जितकी खोल जागा मिळेल, तितके व्होल्टेज अधिक. साध्या ऑक्साइडमध्ये तीन धनप्रभारांचे लोह एक इलेक्ट्रॉन घेऊन दोन प्रभारांचे होते, तेव्हा ही जागा फार वर असते आणि व्होल्टेज 3 च्या बरेच खाली राहते. उलट चार प्रभारांच्या लोहाचे तीन प्रभारांचे लोह होते ती जागा इतकी खोल असते, की ती ऑक्सिजनच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळीला जाऊन भिडते. परिणामी बॅटरी चार्ज करताना लोहाऐवजी ऑक्सिजनच इलेक्ट्रॉन सोडू लागतो, आणि असा ऑक्सिजन जाळीत टिकत नाही, वायू होऊन निघून जातो. कोबाल्ट आणि निकेल यांना या दोन टोकांच्या मधली सोयीची जागा निसर्गतःच मिळाली आहे. लोहाला ती मिळालेली नाही, ती घडवावी लागते.

ती कशी घडवायची, याची दिशा 1980 च्या दशकाच्या अखेरीस सापडली. अरुमुगम मंथिराम आणि जॉन गुडइनफ यांनी लोहाची काही संयुगे एकमेकांशेजारी ठेवून तपासली. मोलिब्डेट आणि टंगस्टेट या संयुगांत लोहाने सुमारे 3 व्होल्ट दिले, तर तशाच ठेवणीच्या सल्फेटमध्ये त्याच लोहाने 3.6 व्होल्ट दिले. लोह तेच, त्याचा एका प्रभारावरून दुसऱ्यावर जाण्याचा व्यवहारही तोच, बदलला होता तो फक्त शेजार. हे रस्सीखेचीच्या उदाहरणाने लवकर कळते. मध्ये ऑक्सिजन आहे, एका बाजूला लोह आणि दुसऱ्या बाजूला गंधक किंवा फॉस्फरस. गंधकाने ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे जोरात ओढले, की ऑक्सिजनची लोहावरची पकड सैल होते, लोहाचे बंध अधिक आयनिक होतात आणि लोहावर इलेक्ट्रॉन बसण्याची जागा खाली सरकते. ती खाली सरकली की व्होल्टेज वाढते. धातू न बदलता केवळ त्याच्या सोबत्यांच्या निवडीने व्होल्टेज घडवता येते, ही कल्पना माझ्या मते बॅटरीच्या रसायनशास्त्रातील सर्वांत फलदायी कल्पनांपैकी एक आहे. तिच्यातूनच 1997 मध्ये पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी ऑलिव्हिन रचनेचे लिथियम-लोह-फॉस्फेट पुढे आणले.

त्या वेळी हा पदार्थ पाहून कोणी हुरळून गेले नव्हते, आणि त्याला कारणही होते. प्रत्येक रेणुसूत्रामागे एका लिथियमऐवजी जेमतेम 0.6 लिथियम बाहेर काढता येत होते, तेही प्रवाह अगदी मंद ठेवला तरच. शुद्ध लोह-फॉस्फेट विजेचे इतके वाईट वाहक आहे, की त्याची वाहकता लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइडच्या जवळपासही जात नाही. शिवाय त्याच्या स्फटिकात लिथियमला एकाच दिशेने जाणाऱ्या अरुंद बोळांतून वाट काढावी लागते, आणि त्या बोळात लोहाचा एखादा अणू चुकून येऊन बसला, की मागचे सगळे लिथियम अडकून पडते. यावरचे उपाय दिसायला साधे होते. कण इतके बारीक करायचे की बोळ आखूड राहतील, आणि प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ थर चढवायचा. कॅनडात मिशेल आर्मां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनच्या थराचा मार्ग दाखवला आणि पुढे तो सर्वमान्य झाला.

हे काम प्रत्यक्ष कसे दिसते, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. लोहाचे संयुग, लिथियम कार्बोनेट आणि फॉस्फेट यांच्या मिश्रणात ग्लुकोज किंवा साखर घालतात, ते दळून एकजीव करतात आणि नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेल्या भट्टीत 600 ते 700 अंश सेल्सिअसवर भाजतात. साखर जळत नाही, कारण भट्टीत ऑक्सिजनच नसतो. ती करपून कार्बन होते आणि कणांवर पातळ साय धरावी तशी चढते. फिकट पूड आत जाते आणि काळीकुट्ट पूड बाहेर येते. मात्र भट्टीच्या नळीला कुठे बारीक गळती असेल आणि गरम पुडीला हवा लागली, तर तिच्यावर विटकरी तांबूस झाक उतरते. दोन प्रभारांचे लोह तीन प्रभारांचे झालेले असते, म्हणजे सोप्या भाषेत ते गंजलेले असते, आणि तो घाणा वाया जातो. कागदावर स्वस्त असलेल्या लोहाला प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर हवेपासून जपावे लागते. ही जपणूक मोठ्या प्रमाणावर, दिवसाला कित्येक टन या गतीने, वर्षानुवर्षे एकसारखी करता येणे हे खरे कौशल्य आहे, आणि ते शोधनिबंधात उतरत नाही.

या कौशल्याचे मोल न कळल्याची किंमत सार्वजनिक पैशाने एकदा मोजली आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधनातून 2001 मध्ये निघालेली ए123 सिस्टिम्स ही कंपनी लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या बनवण्यात अग्रेसर होती. 2009 मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिला 24.9 कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. ऑक्टोबर 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे ती चीनमधील वानशियांग या उद्योगसमूहाने विकत घेतली. त्या अपयशाची कारणे अनेक होती, मागणीचा अंदाज चुकला होता आणि उत्पादनात दोषही निघाले होते. परंतु मला त्यातून दिसते ते असे, की मोठी रक्कम एकदम दिली गेली आणि तिच्यामागे दशकभर टिकणारा, बाजारपेठ तयार करणारा आणि कारखान्यातील हातांना शिकवणारा आधार नव्हता. त्याच काळात पश्चिमेत पेटंटांवरून न्यायालयीन लढाया चालू होत्या, तर चीनमधील कारखाने देशांतर्गत मागणीच्या बळावर हा पदार्थ अधिकाधिक चांगला बनवत गेले. मूळ पेटंटांची मुदत 2022 च्या सुमारास संपली तोवर लोह-फॉस्फेट कॅथोडचे जवळजवळ सगळे उत्पादन एकाच देशात एकवटले होते. जुलै 2025 मध्ये चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने लोह-फॉस्फेट आणि मँगेनीज-लोह-फॉस्फेट कॅथोड बनवण्याच्या तंत्रावर निर्यातनियंत्रण घातले. म्हणजे पदार्थाचे सूत्र जगजाहीर असूनही बनवण्याचा हातखंडा हीच आता राखून ठेवण्याची वस्तू झाली आहे.

आता उच्च व्होल्टेजकडे येऊ. लोहाचे व्होल्टेज चढवण्याचा सर्वांत देखणा मार्ग सल्फेट आणि फ्लुओरीन यांच्यातून गेला. गंधक फॉस्फरसपेक्षा अधिक ओढ लावतो आणि फ्लुओरीन तर सर्वांत अधिक. फ्रान्समध्ये आमियां येथील जाँ-मारी तारास्काँ यांच्या गटाने 2010 मध्ये लिथियम-लोह-फ्लुओरोसल्फेट तयार केले, त्याने 3.6 व्होल्ट दिले. 2011 मध्ये प्रबीर बारपांडा आणि त्याच गटातील सहकाऱ्यांनी त्याच घटकांचा दुसरा स्फटिक, ट्रिप्लाइट रचनेचा, पुढे आणला आणि त्याने 3.9 व्होल्ट दिले. घटक तेच, प्रमाण तेच, केवळ अणूंची मांडणी वेगळी, आणि 0.3 व्होल्टचा फरक. पहिल्या रचनेत लोहाभोवतीचे अष्टफलक (सहा शेजारी अणूंनी बनणारे आठ बाजूंचे आकार) टोकांनी जोडलेले असतात, दुसऱ्यात ते कडांनी जोडलेले असतात, त्यामुळे धातूचे आयन एकमेकांच्या जवळ येतात, एकमेकांना रेटतात, आणि तो रेटा व्होल्टेजमध्ये उतरतो. हे काम वाचताना मला आजही आनंद होतो. लोहाच्या दोन आणि तीन प्रभारांच्या जोडीकडून जवळजवळ 4 व्होल्ट मिळतील, असे फार थोड्यांना वाटले असेल.

पण इथेच वही-पेन्सिल घेऊन बसले पाहिजे. बॅटरीची ऊर्जा म्हणजे व्होल्टेज गुणिले साठलेला प्रभार. लोह-फॉस्फेटच्या एका ग्रॅममध्ये सैद्धांतिकदृष्ट्या 170 मिलिअँपिअर-तास साठतात, त्याला 3.45 ने गुणले की किलोमागे सुमारे 586 वॉट-तास होतात. फ्लुओरोसल्फेटचा रेणू अधिक जड आहे, फॉस्फेटचा 158 तर याचा 178, म्हणून त्याच्या एका ग्रॅममध्ये 151 मिलिअँपिअर-तासच मावतात. त्याला 3.9 ने गुणा, उत्तर सुमारे 589 येते. म्हणजे व्होल्टेज 13 टक्क्यांनी वाढले आणि किलोमागची ऊर्जा होती तिथेच राहिली. ज्या सोबत्यांनी व्होल्टेज वाढवले, त्यांनीच वजनही वाढवले. व्होल्टेज वाढल्याने माळेत कमी सेल जोडावे लागतात, एवढा लाभ खरा आहे. परंतु '3.9 व्होल्टचे लोह' असे म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते, ते या गुणाकाराने बरेच बदलते. विज्ञानाच्या बातम्या हा गुणाकार करून दाखवत नाहीत आणि निधीसाठीच्या प्रस्तावांतही तो पहिल्या पानावर असावा असा आग्रह धरला जात नाही, याचे मला वाईट वाटते.

फ्लुओरोसल्फेटची आणखी एक अडचण हाताळताना कळते. सल्फेट पाण्याचे लोभी असते. फॉस्फेटची पूड दमट हवेत थोडी बिघडेल, फ्लुओरोसल्फेटची पूड मात्र ओलावा शोषून हळूहळू आपली रचनाच गमावते. शिवाय ते फार तापवताही येत नाही, 350 ते 400 अंशांच्या पुढे ते विघटित होऊ लागते. त्यामुळे साखर करपवून कार्बन चढवण्याचा जो स्वस्त मार्ग फॉस्फेटला तारून गेला, तो इथे बंद आहे. हे दोष कायमचे आहेत असे मी म्हणत नाही. 2014 मध्ये बारपांडा, अत्सुओ यामादा आणि सहकाऱ्यांनी सोडियम आणि लोहाचे एक सल्फेट दाखवले, त्याने सोडियमच्या तुलनेत सुमारे 3.8 व्होल्ट दिले. त्यात लिथियम नाही, फॉस्फेट नाही, फ्लुओरीनही नाही, आणि त्याला लागणारे लोह-सल्फेट टायटॅनियम डायऑक्साइडच्या कारखान्यांत उपउत्पादन म्हणून निघते. ओलाव्याचा दोष त्यालाही आहे. तरी माझ्या कसोटीवर हा पदार्थ फ्लुओरोसल्फेटपेक्षा वरचढ ठरतो, कारण व्होल्टेज चढवताना त्याने लोहाचे मोल गमावले नाही. कोरड्या हवेत काम करणारे कारखाने कसे उभारायचे, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे आणि पैशाने सुटू शकतो. दुर्मीळ मूलद्रव्य मात्र पैसे ओतून मुबलक होत नाही.

दुर्मीळतेचा मुद्दा सर्वांत टोकदार होतो तो लोहाच्या पाच प्रभारांच्या अवस्थेत. 2025 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम, लोह, अँटिमनी आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात लोह तीन प्रभारांवरून पाचपर्यंत नेऊन परत आणता येते, हे दाखवले. वर सांगितलेल्या भिंतीला, म्हणजे लोहाऐवजी ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन सोडण्याच्या अडचणीला, त्यांनी कण अतिसूक्ष्म करून आणि रचना टिकवून बगल दिली. मूलभूत ज्ञान म्हणून हे फार मोठे पाऊल आहे, कारण एका लोहाकडून एकाऐवजी दोन इलेक्ट्रॉन मिळणे ही अनेकांनी अशक्यप्राय मानलेली गोष्ट होती. परंतु या संयुगाचे वजन फोडून पाहिले, तर त्यात लोह सुमारे 18.5 टक्के आणि अँटिमनी सुमारे 40 टक्के भरते. भूकवचात लोह वजनाने सुमारे 5 टक्के आहे, कोबाल्ट दहा लाख भागांत सुमारे 25 भाग, आणि अँटिमनी एक भागही नाही. कोबाल्टपासून सुटका हवी म्हणून लोह घेतले आणि त्याच्या दुपटीहून अधिक वजनाचा, कोबाल्टहून कितीतरी विरळा धातू सोबत घेतला, तर त्या कॅथोडला 'लोहाधारित' म्हणणे रसायनशास्त्रात बरोबर असले तरी धोरणाच्या भाषेत दिशाभूल करणारे ठरेल. ऑगस्ट 2024 मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रणे जाहीर केली, हेही ध्यानात ठेवावे. या संशोधकांना अँटिमनीची अडचण ठाऊक आहे आणि त्याच्या जागी दुसरे काही बसवता येईल का याचा शोध पुढे व्हायला हवा. सार्वजनिक निधीने नेमके त्याच शोधाच्या पाठीशी उभे राहावे.

या सगळ्यांत व्यवहाराच्या सर्वांत जवळ असलेला मार्ग आहे मँगेनीजचा. ऑलिव्हिन फॉस्फेटमध्ये मँगेनीज 4.1 व्होल्ट देते. लोहाच्या जागी 60 टक्के मँगेनीज बसवले, तर सरासरी व्होल्टेज 3.84 च्या आसपास जाते आणि रेणूचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, म्हणून किलोमागची ऊर्जा सुमारे 11 टक्क्यांनी खरोखर वाढते. मँगेनीज लोहाइतके नसले तरी मुबलक आहे. वाहकता आणखी घटते, चार्ज झाल्यावर मँगेनीजभोवतीची जाळी वाकडी होते आणि काही मँगेनीज इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे दोन टोकांमधल्या द्रवात, विरघळते, या अडचणी आहेत. पण त्या जवळपास त्याच जातीच्या आहेत ज्यांच्याशी लोह-फॉस्फेटने वीस वर्षे झुंज दिली. या मार्गाला चमक कमी आहे आणि बातमीमूल्य त्याहून कमी. तरी मला विचाराल तर पुढच्या काही वर्षांत सर्वाधिक लोकांना लाभ देईल तो हाच.

व्होल्टेज वाढवण्याचा एक परिणाम कॅथोडच्या बाहेर होतो आणि त्याकडे दुर्लक्ष होते. आजच्या बॅटऱ्यांत लिथियमचे क्षार कार्बोनेट जातीच्या सेंद्रिय द्रवांत विरघळवलेले असतात, आणि हे द्रव साधारण 4.3 ते 4.5 व्होल्टच्या पुढे टिकत नाहीत. ते कॅथोडच्या पृष्ठभागावर ऑक्सिडाइज होतात, वायू सुटतो, सेल फुगतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या हजारो वेळा चार्ज होऊनही टिकतात, याचे एक कारण त्यांचे व्होल्टेज या मर्यादेच्या बरेच आत आहे, हे आहे. ज्याला आपण उणीव म्हणतो तीच तिथे दीर्घायुष्य देते. 4.5 व्होल्टच्या वर जायचे तर बहुतेक उपाय फ्लुओरीनयुक्त द्रवांकडे जातात. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी मांडलेला, निसर्गात न कुजणाऱ्या फ्लुओरीनयुक्त रसायनांवर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूने अशा रसायनांना आवर घालायचा आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्याशिवाय चालणार नाही अशा बॅटरीसाठी अनुदान द्यायचे, हे एकाच शासनाच्या दोन खात्यांत घडू नये. कॅथोडचा विचार एकट्या कॅथोडपुरता करता येत नाही, त्याच्यासोबत जे जे लागते ते सर्व त्याच्याच खात्यात मांडले पाहिजे.

न्यायाची गोष्ट म्हणून हाच हिशेब लोह-फॉस्फेटलाही लावला पाहिजे. एका किलोवॉट-तासासाठी या कॅथोडची सुमारे 2 किलो पूड लागते असे धरले, तर 60 किलोवॉट-तासांच्या मोटारीत 120 किलो पूड बसते आणि तिच्यात सुमारे 24 किलो फॉस्फरस असतो. फॉस्फेट खडकाचा फार मोठा भाग खतांकडे जातो, आणि पिकाला फॉस्फरसऐवजी दुसरे काही देता येत नाही. ज्ञात साठ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मोरोक्को आणि पश्चिम सहारा या भागांत आहेत. बॅटरीला लागणारे आम्ल तर अतिशुद्ध हवे, आणि ते बनवण्याची सोय खतांच्या तुलनेत फार थोडी आहे. आज बॅटऱ्यांचा वाटा लहान असल्याने शेतीवर आच आलेली नाही, तरी वाढीचा वेग पाहता हा प्रश्न आत्ताच विचारणे शहाणपणाचे आहे. म्हणूनच लोहाचे फॉस्फेटविरहित मार्ग शोधणे, मग ते सल्फेटचे असोत, सिलिकेटचे असोत की क्लोराइडचे, मला आवश्यक वाटते. या शोधाचे समर्थन व्होल्टेजपेक्षा या कारणाने अधिक भक्कम होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी गांभीर्याने घेतो. मूलभूत संशोधनाला असा जमाखर्च लावला, तर नवे काही सुचणारच नाही. 1997 मध्ये कोणी लोह-फॉस्फेटला वाहकतेची कसोटी लावली असती, तर ते तिथेच नापास झाले असते. हे खरे आहे. पण वाहकता हा गुण कारागिरीने बदलता आला, पदार्थ कशाचा बनला आहे ही गोष्ट मात्र कारागिरीने बदलत नाही. मी मागतो आहे ती कसोटी प्रश्न बंद करणारी नाही. लोहाच्या पाच प्रभारांचा अभ्यास कोणी समजून घेण्यासाठी करत असेल, तर त्याला अँटिमनीचा हिशेब विचारून अडवू नये, त्याला मोकळ्या मनाने निधी द्यावा. ज्या क्षणी तोच पदार्थ कोबाल्टला पर्याय म्हणून, मोटारींच्या बॅटरीसाठी, प्रायोगिक कारखान्याच्या अनुदानासाठी पुढे येतो, त्या क्षणापासून एका किलोवॉट-तासामागे कोणते मूलद्रव्य किती ग्रॅम लागते आणि ते कुठून येते, हे अर्जावर लिहिणे बंधनकारक असावे. समजण्यासाठीचे विज्ञान आणि बनवण्यासाठीचे विज्ञान यांना निधी दोन्ही हवा, पण एकाच्या नावावर दुसऱ्याचा घेऊ नये.

दुसरा आक्षेप उद्योगाकडून येतो. बाजाराने लोह-फॉस्फेट स्वीकारले आहे, तेव्हा शासनाने आता बाजूला व्हावे, असे ते म्हणतात. एकाच देशाच्या परवानगीवर अवलंबून असलेला पुरवठा हे बाजाराचे यश मानायला मी तयार नाही. ज्ञान सर्वांना मिळावे यासाठी शासनाने करण्यासारखे बरेच आहे. सार्वजनिक पैशातून निघालेल्या पेटंटांचे परवाने सर्वांना समान आणि माफक अटींवर मिळावेत. ज्यात दिवसाला काही शे किलो पूड बनवता येते आणि ज्याचे दरवाजे विद्यापीठांना व छोट्या उद्योगांना खुले असतात, असे प्रायोगिक कारखाने उभे राहावेत. तिथे काय बिघडले, कोणत्या घाण्यात पूड तांबूस निघाली आणि का, याच्या नोंदी प्रसिद्ध व्हाव्यात. अशा नोंदी आज कारखान्यांच्या कुलपांत आहेत, आणि कोणत्याही नव्या लोह-कॅथोडला त्यांच्याशिवाय पुन्हा वीस वर्षे काढावी लागतील.

शेवटचा मुद्दा पुनर्चक्रणाचा, आणि लोहाच्या बाबतीत तो विशेष अवघड आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून धातू काढणाऱ्यांचा धंदा कोबाल्ट आणि निकेलच्या किमतीवर उभा राहिला. लोह-फॉस्फेटच्या पुडीत वजनाने 4.4 टक्के लिथियम असते, त्याखेरीज विकण्याजोगे त्यात फारसे काही नाही. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमावलीत नव्या बॅटरीत पुनर्प्राप्त धातू किती असावा याची किमान टक्केवारी कोबाल्ट, लिथियम, निकेल आणि शिसे यांच्यासाठी ठरवली आहे, लोह आणि फॉस्फरस यांच्यासाठी नाही. पदार्थ जितका स्वस्त, तितका तो परत मिळवण्यात रस कमी, हा स्वस्ताईचाच दुष्परिणाम आहे. आणि तरीही लोह-फॉस्फेटकडे यावरचा एक अप्रतिम उपाय आहे. बॅटरी थकली तरी तिच्यातील ऑलिव्हिनची चौकट बहुधा शाबूत असते, हरवलेले असते ते मुख्यतः लिथियम, आणि काही लोह लिथियमच्या बोळांत जाऊन अडकलेले असते. ही पूड आम्लात विरघळवून मूलद्रव्ये वेगळी करण्याऐवजी तिला लिथियमच्या क्षारांच्या द्रावणात क्षपणकारी, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या, रसायनासह ठेवले आणि मग सौम्य भाजले, तर लिथियम रिकाम्या जागांत परत जाऊन बसते, अडकलेले लोह आपल्या जागी परतते, आणि तोच कॅथोड पुन्हा कामाला येतो. फॉस्फरसही त्यातच राहतो. नव्या उच्च व्होल्टेजच्या प्रत्येक लोह-संयुगाने अनुदान मागताना, त्याची वापरलेली पूड अशी पूर्ववत करता येते का, याचा एक तरी प्रयोग सोबत जोडावा. फ्लुओरोसल्फेटला हा प्रयोग पाण्यात करता येणार नाही, कोरड्या द्रावकात तो जमतो का ते पाहावे लागेल. मँगेनीज-लोह-फॉस्फेटमध्ये विरघळून गेलेले मँगेनीज कसे भरून काढायचे, हे शोधावे लागेल.